पलीकडची ओटी

टेपाच्या वाडीत पावसाळ्यात तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत नाही. गेली कैक वर्षं हे असंच चालत आलंय, आणि त्याला कारण एकच बाई. तिचं नाव रत्ना. सरकारदरबारी ती आशा स्वयंसेविका, वाडीत रत्नाबाई, आणि तिच्यावर डूख धरून असलेल्या तुळजाबाईंच्या तोंडी 'ती जीपवाली'. तिन्ही नावं आपापल्या जागी बरोबर आहेत.

माले गावाच्या पुढं धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता जातो. त्याला एक फाटा फुटतो, डोंगराच्या पायथ्याशी एक वळण घेतो, ओढा ओलांडतो आणि वाडीत येऊन संपतो. ओढा उन्हाळ्यात इतका गरीब की शेरडंसुद्धा त्याच्याकडं ढुंकून बघत नाहीत. आषाढात मात्र त्याला अंगात आल्यासारखं होतं. त्यावर पूर्वी नुसती सिमेंटची फरशी होती. पाणी फरशीवरून वाहायला लागलं की वाडी अलीकडं आणि बाकीचं जग पलीकडं. वाडीला त्याचं काही वाटायचं नाही. घरात तांदूळ असतो, चुलीला सरपण असतं, चिखलणी-लावणीतून वर बघायला फुरसत नसते. फक्त एखादी बाई अडली की मग सगळ्यांना ओढा दिसायचा.

रत्ना लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला एक जाऊ होती, मालन. दोघी बरोबरीच्या. भांडायच्या कडाकडा आणि जेवायच्या एका ताटात. मालनचे दिवस भरले ते नेमके आषाढात. कळा सुरू झाल्या तशी पुरुषांनी तिला बाजेवर घालून फरशीपर्यंत आणलं. पलीकडं दवाखान्याची गाडी उभी होती. दिसत होती, ड्रायव्हर हात हलवत होता. मधे ओढा. पाणी उतरेल म्हणून सगळे थांबले, आणि ते काही उतरलं नाही. मालन अलीकडच्या काठावरच गेली, पोटातलं मूलही गेलं. यात दोष कुणाचाच नव्हता, आणि रत्नाला तेच सोसलं नाही. कुणाचा दोष असता तर त्याला शिव्याशाप देऊन ती मोकळी झाली असती.

पुढं गावोगाव आशा नेमायचं निघालं तेव्हा तिनं आपणहून नाव दिलं. लसी, लोहाच्या गोळ्या, तापाच्या पेशंटची विचारपूस, विहिरीत टाकायची पावडर, सगळं ती करत आली. पण तिच्या मनातलं काम एकच होतं. पावसाळ्यात दिवस भरणारी बाई आषाढ लागायच्या आत ओढ्यापलीकडं गेलीच पाहिजे, आणि ओढा निवळेपर्यंत तिनं बाळ घेऊनसुद्धा परत यायचं नाही, असा तिनं नियम घातला. पलीकडं कुणी पाहुणे असतील तर तिथं राहायचं. नसतील तर मालेला रत्नाबाईचा भाऊ कैलास रस्त्याकडेलाच राहतो, त्याच्या घरी. एका पावसाळ्यात त्या घरात दोन बाळंतिणी एकदम होत्या आणि कैलास आपल्याच ओसरीवर पाहुण्यासारखा कडेला निजायचा.

नियम घालायला काय, कुणीही घालतं. ऐकतं कोण? जड अंगाची सून घराबाहेर काढायची म्हणजे सासवांच्या कपाळाला आठ्या. मग रत्नाबाईनं डोकं चालवलं. बायकांच्या रीतीत पुरुष तोंड घालत नाहीत आणि सासवांना ती मोडवत नाही, हे ती पक्कं ओळखून होती. तिनं हे जाणं डोहाळजेवणाला नेऊन बांधलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पेढा निघतो की बर्फी त्याची थट्टामस्करी, पोटभर जेवण, आणि दारात जीप. सगळ्या बाया जीपमागं चालत ओढ्यापर्यंत जाणार, ओढा ओलांडणार, आणि ओटी भरायची ती पलीकडच्या काठावर, करंजाच्या झाडाखाली.

पलीकडंच का, तर पहिल्या वर्षी ओटी घरात भरली होती. ओटी भरून झाली, डोळे पुसून झाले, आणि सासू म्हणाली, "झालं की समदं. आता ऱ्हाऊ द्या पोरीला." जीप रिकामी परत गेली. तेव्हापासून ओटी पलीकडं. आणि पलीकडं भरलेली ओटी घेऊन मागं फिरायचं नसतं, हेही रत्नाबाईनंच बिनदिक्कत ठोकून दिलं. असं कुठल्याही शास्त्रात नाही. पण आजच्या पोरींना विचाराल तर त्या सांगतील की ही पणजीच्या वेळची रीत आहे.

तर अशी ही बाई. वाडीतल्या सगळ्या लेकी-सुनांना पलीकडं लावून देणारी. पण तिच्या स्वतःच्या मनात एक हौस दबा धरून बसलेली होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिला एकच लेक, अपेक्षा. अपेक्षाचं लग्न झालं, ती महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहायला गेली, तेव्हा मांडवात सगळे रडले आणि रत्नाबाई रडली नाही. "बाळंतपणाला येईलच की," एवढंच म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरी. त्या एका गोष्टीच्या भरवशावर तिनं लेक दिली होती. लेकीला बाजेवर निजवायचं, खाली शेगडी ठेवायची, ओवा-बाळंतशोपाची धुरी द्यायची, आणि तान्ह्याला आपल्या लांब केलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. लोकांच्या बाळंतिणींची एवढी काळजी वाहिली, पण हे सुख तिच्या घरानं बघितलं नव्हतं. तिला ते हवं होतं. मुलं खाऊसाठी हटून बसतात तसं हवं होतं.

अपेक्षाला दिवस गेले आणि हिशेब लागला तो श्रावणाचा. रत्नाबाईनं बोटांवर महिने पुन्हा मोजून बघितले. लेकीला ती काही बोलली नाही. मग या उन्हाळ्यात ओढ्यावरचा नवा पूल पुरा झाला. चांगला उंच, दोन्ही बाजूंना कठडे. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला.

"आई, पूल झाला ना गं?"

"झाला. लई उंच केलाय. आता पाणी लागत न्हाई म्हणत्यात."

"मग मी येते. मला हितं नको वाटतं. दिवसभर दार लावून बसायचं. बाळाला न्हाऊ घालायलाबी बाई लावायची म्हणतात. मला तू पाहिजेस."

इतक्या वर्षांत किती सासवांना रत्नाबाईनं या एका विषयावर गप्प केलं होतं. स्वतःला गप्प करायची वेळ आली तेव्हा तिला एक शब्द सुचला नाही. सुचला असेल तरी तिनं तो गिळला.

"कधी येतीस?" ती म्हणाली.

त्यानंतर तिच्या पायाला भिंगरी लागली. आतली खोली सारवली. किसन, म्हणजे तिचा नवरा, एरवी सांगितलेलं काम तीनदा सांगायला लावणारा माणूस. त्यानं न सांगता माळ्यावरची बाज काढली, धुतली आणि नव्या सुंभानं विणून काढली. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी झाली. अळीव, डिंक, खारीक, खोबरं डब्यांतून भरून ठेवलं. गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या. रत्नाबाई गोवऱ्या रचताना गुणगुणत होती असं शेजारणी सांगतात. ती गुणगुणते हेच त्यांना नवीन होतं.

आणि मग ती नेहमीप्रमाणे तुळजाबाईंच्या घरी गेली. त्यांची सून मोनिका पोटुशी होती, तिचेही दिवस पावसाळ्यातच भरणार होते. डोहाळजेवणाचा दिवस ठरवायचा होता. तुळजाबाई ओसरीवर नाचणी पाखडत होत्या. सूप थांबवलं नाही.

"डोहाळजेवण करू. पर यंदा जीप नको. ओटीबी घरातच."

"आत्या, मोनिकाच्या अंगात रक्त कमी हाय. पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, जवळपास ऱ्हावा."

"पूल झालाय."

"पूल झाला, पर वळणावरचा डोंगुर हाय तसाच हाय. दरड आली तर पुलावर उभं ऱ्हाऊन काय करायचं?"

आता सूप थांबलं. "मग ती दरड तुज्या लेकीला दिसत न्हाई व्हय? तुजी लेक अलीकडं ऱ्हानार आन् माजी सून पलीकडं जानार, ह्यो कुटला न्याय?"

"अपेक्षाचं रक्त बरं हाय, आत्या."

"म्हंजी आमच्याच घरातलं रक्त तेवढं पातळ!"

दारात मोनिका उभी होती. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. तिलाही जायचं नव्हतं. घर सोडून परक्याच्या ओसरीवर दिवस मोजायला कुणाला आवडतं? ती म्हणाली, "मावशी, अपेक्षाताई हाय म्हनल्यावर आमाला सोबतच झाली की." दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या आणखी एका घरानं निरोप धाडला, आमचीही जीप नको.

तुळजाबाईंचा स्वभाव खाष्ट आहे, पण त्या दिवशी त्या काही खोटं बोलल्या नाहीत. रत्नाबाईला झोंबलं ते त्यामुळंच. ती घरी न जाता पुलावर गेली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. खाली ओढा कोरडा होता. समोर वळणावर डोंगराची उभी कापलेली कड, तांबडी, मोकळी. पौडच्या दवाखान्यात मोनिकाची तपासणी झाली तेव्हा ती बरोबर होती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिनं कानांनी ऐकलं होतं. अपेक्षाला काही होणार नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती. मोनिकाचं तसं सांगता येत नव्हतं. आणि आपण घातलेली रीत ही भिंत नाही, नुसता एक दोरा आहे, तो आपणच तोडला की कुणाच्याच हातात राहणार नाही, हेही तिला कळत होतं. कळत होतं म्हणून काय झालं? सारवलेली खोली डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती तिथं उभी राहून रडली. मांडवात राहिलेलं सगळं रडून घेतलं.

मग तिनं फोन लावला.

"अपेक्षा, तू हितं नको येऊस. कैलासमामाकडं ये. मी येऊन ऱ्हाईन अधनंमधनं."

"मामाकडं? माझं माहेर मामाकडं आहे का?"

"बाळा, ऐक की..."

"वाडीतल्या सगळ्या बायांचं तुला कळतं. माझंच कळत नाही. मी काय मागितलं गं? चार दिवस तुझ्याजवळ राहायचं मागितलं."

फोन बंद झाला. थोड्या वेळानं विहीणबाईंचा आला. त्या फार गोड बोलतात. "अहो, मामाकडेच पाठवायचं, तर मग आम्ही काय वाईट आहोत? इथे दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. राहू दे तिला इथेच." रत्नाबाई "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

किसननं सगळं ऐकलं. तो उठला, विणलेली बाज उभी केली आणि भिंतीकडं तोंड करून लावून ठेवली. त्या रात्री दोघांनी जेवणाला हात लावला तो नावापुरता.

मोनिकाचं डोहाळजेवण झालं. रत्नाबाईनं लेकीला नको म्हटलं ही बातमी वाडीभर झालीच होती, त्यामुळं तुळजाबाईंनी पुन्हा पुलाचं नाव काढलं नाही, वरच्या आळीतल्या घरानंही नाही. जीप आली. बाया गाणी म्हणत नव्या पुलावरून पलीकडं गेल्या. करंजाखाली मोनिकाला पाटावर बसवलं आणि रत्नाबाईनं तांदूळ, खण, नारळ तिच्या पदरात घातला. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं मोनिका नव्हतीच. मोनिका वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तुमी माज्यापायी..." रत्नाबाईनं तिला पुढं बोलू दिलं नाही. "गोळ्या चुकवू नगंस," म्हणाली आणि जीपचं दार लावलं.

पाऊस आला. नेहमीसारखाच आला. ओढा फुगला, पण पुलाच्या पोटाला टेकला नाही. रत्नाबाई रोज सकाळी छत्री घेऊन वळणापर्यंत जायची आणि डोंगराकडं बघायची. कड जागची हलत नव्हती. एखादी दरड यावी, रस्ता एक दिवस तरी बंद पडावा, असं तिच्या मनात यायचं, आणि आल्याबरोबर ती आपल्याच थोबाडीत मारून घ्यायची. गावाचं काम करणाऱ्या बाईनं असं मनात आणावं? पण यायचं. निदान लेकीला सांगता आलं असतं.

पावसाळाभर रस्ता एकदाही बंद पडला नाही. मोनिका मालेहून पौडला गेली, सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. रक्ताची बाटली तयार ठेवली होती, ती लागलीसुद्धा नाही. तुळजाबाई पेढे घेऊन आल्या तेव्हा ओठ दाबून म्हणाल्या, "पूल काय बुडाला न्हाई हां, रत्ने." रत्नाबाईनं पेढा खाल्ला. या कामाचं हे असंच आहे. सगळी तयारी फुकट गेली तर ती बरी म्हणायची, आणि फुकट गेली म्हणून चारचौघांत बोलणीही खायची.

अपेक्षाचं बाळंतपण पंधरा दिवस आधीच झालं. वाडीत वीज नव्हती, रत्नाबाईचा फोन बंद पडला होता आणि ती वरच्या आळीत तापाच्या घरांतून फिरत होती. कैलास मोटारसायकलवर सांगत आला तोवर नात जन्मून दुपार झाली होती. ती तशीच निघाली. दवाखान्यात पोचली तेव्हा अपेक्षा निजली होती आणि बाळ विहीणबाईंच्या मांडीवर होतं.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. फुगे, केक, पाळणा भाड्यानं आणलेला. रत्नाबाई आपले अळिवाचे लाडू घेऊन गेली होती. ते टेबलावर कडेला ठेवले होते. सकाळी ती जरा लवकरच पोचली, न्हाऊ घालायला मिळेल म्हणून. पण कामाला लावलेली बाई येऊन, न्हाऊ घालून, धुरीसुद्धा देऊन गेली होती. चांगलं घातलं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. जावई अमोलराव म्हणाले, "आई, तुम्ही बसा ना, दमला असाल."

पाहुणे गेल्यावर दुपारी अपेक्षा आतल्या खोलीत आईपुढं जमिनीवर येऊन बसली. बाळ पलंगावर निजलेलं. रत्नाबाईनं काही न विचारता तिची वेणी सोडली आणि टाळूवर तेल घातलं.

"आई, रस्ता बंद पडला का गं एकदा तरी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. महाळुंग्याच्या अकराव्या मजल्यावरून वळणावरचा डोंगर कुणाला दिसणार होता? एक 'व्हय' म्हटलं असतं तर लेकीच्या मनातलं सगळं धुऊन निघालं असतं.

"न्हाई," रत्नाबाई म्हणाली. "एक दिवससुदिक न्हाई."

अपेक्षानं मान खाली घातली. तेल कानामागं ओघळलं, ते रत्नाबाईनं पदरानं पुसलं.

"कळा आल्या ना, तेव्हा मी तुलाच हाका मारत होते," अपेक्षा हळूच म्हणाली. "मोठमोठ्यानं. अमोलच्या आई बाहेर बसलेल्या, त्यांना वाईट वाटेल म्हणून तोंड दाबून धरायची, आणि परत ओरडायची. तू येणार नाहीस हे माहीत असूनसुद्धा."

रत्नाबाईचा हात थांबला. तिला बोलायचं होतं, समजवायचं होतं, मोनिकाचं सांगायचं होतं, मालनचं सांगायचं होतं. तिनं लेकीचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. अपेक्षानं ओढू दिलं.

तिथूनच, डोळे मिटूनच अपेक्षा म्हणाली, "पुढच्या खेपेला मी वाडीलाच येणार. मग तू काही पण म्हण."

माहेरचा हक्क पहिल्या बाळंतपणावर. दुसरं सासरी होतं, ते मागायला आईनं तोंड उघडायचं नसतं. ही रीत रत्नाबाईनं घातलेली नव्हती आणि तिच्यानं ती मोडणारीही नव्हती. अपेक्षाला ते माहीत होतं, तिच्या आईलाही.

"खोली सारवून ठेवते," रत्नाबाई म्हणाली, आणि तेलाचा हात लेकीच्या केसांतून फिरवत राहिली.